अमावस्येला कोळंबी मऊ पडते, सकाळी मेलेली सापडते. काय करू?

खाजणातला
नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पालघर तालुक्यात खाडीला लागून आमचं खाजण आहे, त्यात एक एकराचा एकच पाँड गेल्या वर्षीपासून करतोय, व्हेनामी जातीची कोळंबी. यंदा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बियाणं (पिल्लं) सोडलं, १ लाख २० हजार, पाणी तेव्हा ७ पीपीटी (हजार भागांत ७ भाग मीठ) होतं, हॅचरीवाल्याला सांगून ७ वर आणूनच मागवलेलं. महिनाभर सगळं झकास चाललं होतं, गेल्या आठवड्यात पाग (फेकजाळं) टाकून वजन केलं तर ६ ग्रॅम भरलं.

आणि सर्वपित्रीच्या सकाळी सहाला बांधावर गेलो तर एका कोपऱ्यात पंधरावीस बगळे. तेव्हाच पोटात गोळा आला. चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवतो तो) वर काढला तर आदल्या रात्रीचं खाद्य निम्मं तसंच, आणि त्यात पाचसहा कोळंब्या अशा मऊ की बोटात धरली तर ओल्या कागदासारखी वाकते, खाली सोडली तर पोहत नाही, आडवी पडते. कडेला सालीच साली तरंगतायत. मेलेल्या मोजून काढल्या ६४, तळाशी किती असतील देव जाणे. आज तिसरा दिवस, मर कमी झालीय पण रोज दहाबारा निघतातच. दुकानदाराने मिनरलची बादली दिली, १० किलो, म्हणाला अमावस्येला असं होतंच, टाका आणि निर्धास्त राहा. टाकली. पण पंधरा दिवसांनी कोजागिरी आहे, तेव्हा परत हेच होणार का?

सोडेभात
वाचतोय. (मऊ कोळंबीचं कालवण एक नंबर होतं हे इथे लिहिणं बरं दिसतं का माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.)

पागवाला
खाजणातला भाऊ, घाबरू नका आधी. मी टायगर कोळंबीच्या काळापासून यात आहे, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने एका रात्रीत आख्खा पाँड साफ झालेला बघितलाय, त्यामानाने ६४ म्हणजे काही नाही. पण आकडे न देता सल्ला मागताय ते चुकीचं आहे. पहाटे ४ ला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) किती असतो? अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरणारे क्षार)? पीएच सकाळी किती, दुपारी किती? एरेटर (पाण्यात हवा घालणारी यंत्रं) किती आणि *रात्री* किती चालू असतात? त्या आठवड्यात पाऊस झाला का, पाणी बदललं का? आणि मेलेली कोळंबी बांधापलीकडे खाडीत फेकली असेल तर परत तसं करू नका, खड्डा करून चुना टाकून पुरा. तुमच्या खाली पण कुणाचातरी पाँड असतो.

अजून एक. आज जी मऊ होती ती दोन दिवसांनी कडक होतेय का बघा. कडक झाली तर ती कात टाकलेली होती, विषय संपला. चार दिवसांनीही साल तशीच ढिली, आतलं मांस आणि साल यात पोकळी, दाबली तर पाणी पाणी, तर ते लूज शेल, तो वेगळा आजार आहे आणि त्याचा अमावस्येशी काही संबंध नाही. लोक दोन्हीला सरसकट सॉफ्ट म्हणतात आणि दोन्हीला एकच बादली ओततात.

कुर्लीप्रेमी
यातलं काही कळत नाही पण आमच्याकडे मालवणात आजी सांगायची, कुर्ल्या घ्यायच्या तर अमावस्येच्या, भरलेल्या असतात, पौर्णिमेच्या पोकळ. म्हणजे चंद्राचं काहीतरी कनेक्शन आहेच ना?

सूक्ष्मदर्शी
आजीचं निरीक्षण फेकून देण्यासारखं नाहीये, कुर्ली आणि कोळंबी दोघं एकाच गोत्रातले, दोघांनाही वाढायचं तर कात टाकावीच लागते. मी मत्स्यशास्त्र शिकलेय (रत्नागिरीला शिरगावच्या कॉलेजात, मग थोडं वर्सोव्याला), थोडं विस्ताराने लिहिते.

कोळंबीचं कवच म्हणजे लहानपणी शिवलेला शर्ट, तो वाढत नाही. म्हणून आत नवीन पातळ कवच तयार होतं, जुन्यातला उपयोगी माल शरीर परत शोषून घेतं, आणि मग एका रात्री डोकं आणि पाठ यांच्या सांध्यात साल फाटते आणि कोळंबी शेपटी झटकून बाहेर येते. हे प्रत्यक्ष बाहेर येणं काही सेकंदांचंच असतं. बाहेर आली की भराभर पाणी शोषून फुगते, म्हणजे नवीन कवच कडक व्हायच्या आधी मोठं माप घेऊन ठेवते, आणि मग पुढचे दिवस त्या पाण्याच्या जागी मांस भरत जाते. म्हणून मोल्टिंगच्या, म्हणजे कात टाकायच्या, दिवशी पाग टाकून वजन करू नका, निम्मं पाणी मोजाल, वर मऊ अंगाला जाळ्याचा मार बसतो तो वेगळाच.

पिल्लू असताना हे जवळजवळ रोज-दोन दिवसाआड चालतं, ५-६ ग्रॅमला साधारण आठवड्याने, १५ ग्रॅमच्या पुढे बारा ते चौदा दिवसांनी. म्हणजे बघा, माल मोठा होत जातो तसा कात टाकायचा हिशोब आपोआप पंधरवड्याच्या जवळ येतो आणि अमावस्या-पौर्णिमेशी जुळल्यासारखा दिसतो. उधाणाच्या भरतीला पाण्याचा दाब, खारेपणा बदलतो, त्याचाही वाटा असावा. पण चंद्रच एकटा नाही. अचानक पाऊस, खारेपणा घसरणं, एकदम पाणी बदलणं, यानेही तयारीत असलेल्या सगळ्या एका रात्रीत साल सोडतात. तयारीत नसलेली मात्र कितीही चंद्र दाखवा, सोडत नाही.

आणि तयारी दिसते! शेपटीच्या पंख्याची बाजूची पाकळी साध्या मायक्रोस्कोपखाली धरा. मधल्या काळात पाकळीची कातडी अगदी कडेपर्यंत भरलेली दिसते. कात टाकायला आली की ती कडेपासून आत सरकते, मध्ये काचेसारखी स्वच्छ पट्टी राहते, आणि आत नवीन केसांची रांग उगवलेली दिसते. दहा कोळंब्यांत सातआठना अशी पट्टी असेल तर दोनतीन दिवसांत तुमच्याकडे जागरण आहे.

कुर्लीप्रेमी
शर्टाचं उदाहरण भारी. आजीला सांगतो.

ॲक्वा_सेवक
सर, मी या लाइनमध्ये विक्रेता आहे म्हणून लगेच तोंडसुख घेऊ नका, पण मिनरल न टाकता कवच कडक होणारच नाही, कॅल्शियम कोळंबी पाण्यातूनच घेते. दुकानदाराने योग्यच सांगितलंय. दर अमावस्या-पौर्णिमेला एकरी १० किलो टाकलं की रिझल्ट येतो, शेकडो शेतकरी वापरतात.

खाजणातला
सगळ्यांचे आभार. आकडे आणले, पागवाला काका ओरडतील हे माहीत असूनही देतोय.

एरेटर दोन आहेत, २ एचपीचे, पण लाइटबिलापायी रात्री एकच चालवत होतो. अमावस्येच्या आदल्या दुपारी तासभर पाऊस झोडपला. पाणी कमी वाटत होतं म्हणून त्याच्या आधी दोन दिवस बोअरचं मचूळ पाणी घेतलं होतं, अर्धा फूट. काल पहाटे साडेचारला मीटर घेऊन उतरलो, डीओ २.४. खारेपणा ६. पीएच सकाळी ७.६ दुपारी ८.५. लॅबमधून आलेलं, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये: अल्कलिनिटी ७२, कॅल्शियम १४०, मॅग्नेशियम २१५, पोटॅशियम ३८. मऊ होत्या त्यातल्या वीस एका बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरा कडक झाल्या, तीन मेल्या. म्हणजे लूज शेल नाही ना?

पागवाला
नाही. पिंजऱ्यात ठेवून बघितलंत हे मात्र शाबास, आमच्या इथली पोरं नुसती बादली उघडतात.

२.४!! अहो ज्या रात्री हजारो कोळंब्या एकाच वेळी साल फाडायला जोर लावतायत, त्या रात्री ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तुम्ही निम्मा वारा बंद करून झोपलात. वर पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर थर धरून बसतं, खालचं खारं पाणी कोंडतं. मऊ कोळंबी असते कुठे? तळाला. म्हणजे जिथे हवा सगळ्यात कमी आणि घाण सगळ्यात जास्त तिथेच. त्यात शेजारी कडक सालीच्या बहिणी आहेत त्या काय राखी बांधायला येत नाहीत, भूक लागली की मऊ दिसेल तिला कुरतडतात. तुमच्या ६४ मध्ये किती गुदमरून मेल्या आणि किती खाल्ल्या गेल्या हे सांगता येत नाही, पण अर्धवट खाल्लेल्या असतीलच.

पाऊस आला की उघाडीच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढायच्या, वरचं गोडं पाणी वरच्या वर जाऊ द्यायचं, आणि एरेटर लगेच चालू, दुपार असली तरी. हे आधी शिका, मग मिनरल.

नेल्लोर_ते_नालासोपारा
मी आंध्रात फार्मवर सात वर्षं टेक्निशियन होतो, आता इकडे. तिथे अमावस्या जवळ आली की सुपरवायझर आधी चेक ट्रे बघतो, कॅलेंडर नंतर. खाद्य उरायला लागलं, ट्रेमध्ये एखादी रिकामी साल दिसली, की त्याच वेळी पुढचं खाद्य २० ते ३० टक्के कापतो. कात टाकणारी कोळंबी खातच नाही, तुम्ही टाकलेलं तिच्या अंथरुणात कुजतं आणि अमोनिया होतो. पातळ सालीतून तो अमोनिया सरळ आत जातो. दोन दिवसांनी कडक झाली की वखवखल्यासारखी खाते, तेव्हा हळूहळू वाढवायचं, एकदम नाही. एवढं एक जरी पाळलंत तरी खाद्याचे पैसे वाचतात.

ॲक्वा_सेवक दादा, राग मानू नका पण हिशोब करू. एक एकर, पाणी ४ फूट म्हणजे १.२ मीटर धरा, ४०४७ गुणिले १.२, जवळपास ४८५० घनमीटर पाणी. त्यात १० किलोची बादली ओतली म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. तेही आख्ख्या पावडरीचं, नुसत्या मिनरलचं नाही. यांच्या पाण्यात कॅल्शियम आधीच १४० आहे. त्यात दोनाने काय होणार?

ॲक्वा_सेवक
असं कागदावर नसतं सर, ट्रेस मिनरल पण असतात त्यात.

नेल्लोर_ते_नालासोपारा
असतात. ती खाद्याला चोळून द्या, पोटातून जातील, तिथे १० किलोचा उपयोग आहे. पाण्याची तूट असेल तर ती पोत्यांनी भरायची गोष्ट आहे, बादलीने नाही.

सूक्ष्मदर्शी
हेच लिहायला आले होते. समुद्राचं पाणी प्रमाण धरलं तर दर १ पीपीटी खारेपणाला ढोबळमानाने कॅल्शियम ११.६, मॅग्नेशियम ३९, पोटॅशियम १०.७ मिलिग्रॅम असायला हवं. ६ ने गुणा: ७०, २३४, ६४. तुमचं कॅल्शियम दुप्पट आहे, मॅग्नेशियम जवळपास आहे, पोटॅशियम ३८ म्हणजे चांगलंच कमी. हे बोअरचं पाणी आहे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बहुतेक वेळा कमीच निघतं, माती धरून ठेवते. हरयाणात रोहतकजवळ लाहलीला सीआयएफईचं (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं) केंद्र आहे, तिकडे भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी करताना पहिली अडचण हीच असते, पोटॅश टाकल्याशिवाय माल तगत नाही. कोळंबीच्या अंगातलं पाणी-मीठ सांभाळायला पोटॅशियम लागतं, आणि कात टाकताना तर तीच सगळी उलाढाल असते. माल हातात घेतल्यावर शेपटी आत वळून ताठ होते का, मांस पांढरं पडतं का? तेही बघा.

आता तूट २६. २६ गुणिले ४८५० म्हणजे साधारण १२६ किलो पोटॅशियम. शेतीचं एमओपी, म्हणजे आपलं लाल पोटॅश, त्यात निम्मं पोटॅशियम धरा. २५० किलो. पाच पोती. एकदम नाही, विरघळवून चारपाच दिवसांत.

खाजणातला
हो ताई, पागेत आलेल्यातल्या दोनतीन वळून ताठ झाल्या होत्या, मला वाटलं घाबरल्या.

पागवाला
पोत्यांचा हा हिशोब ॲक्वा_सेवकांनी वाचला असेलच. असो.

अल्कलिनिटी ७२ वर गप्प बसू नका. शंभरच्या खाली गेली की पीएच सकाळ-दुपार उड्या मारतो, तुमचा ०.९ चा फरक आहे, अर्ध्याच्या आत हवा. नवीन कवच कडक व्हायला कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट लागतं, ते यातूनच मिळतं. साधा खायचा सोडा, होलसेलचं पोतं. अल्कलिनिटी १ ने वाढवायला लिटरला सुमारे १.७ मिलिग्रॅम सोडा. तीसने वाढवायची तर एकराला जवळपास २५० किलो. रात्री ५० किलो, पाच रात्री. रात्रीच का, तर कात टाकणं बहुतेक रात्रीच चालतं आणि पहाटे पीएच खाली येतो तेव्हा आधार मिळतो. आणि बोअरचं पाणी घ्यायचंच असेल तर एका वेळी दोन बोटं, अर्धा फूट नाही.

नवीन_तलाव
मध्येच विचारतो, चहाच्या बियांची पेंड किंवा भरपूर पाणी बदलून मुद्दाम मोल्टिंग करवतात म्हणे, वाढ लवकर होते. करू का?

पागवाला
करू नका. कात टाकली म्हणून वाढ होते असं नाही, आत मांस भरलंय म्हणून कात टाकते. रिकाम्या पोटी शर्ट फाडून काय मिळणार. अशक्त माल असा जबरदस्तीने सोलवला तर सकाळी बगळ्यांची पंगत. क्वचित अंगावर शेवाळ-घाण चढलेली असते, माल आठवडे अडकलेला असतो, तेव्हा जाणकार माणूस समोर उभा राहून करतो. तुमचा पाँड कितवा?

नवीन_तलाव
पहिलाच :( नाही करत.

खाजणातला
कोजागिरीचा रिपोर्ट देतोय, मुद्दाम धागा वर काढून.

पोटॅश पाच पोती पाच दिवसांत, सोडा पाच रात्री. मायक्रोस्कोप आमच्याकडे कुठला, गावच्या शाळेतल्या सरांनी दिला एका दिवसासाठी, पोरांनाही मजा आली. कोजागिरीच्या दोन दिवस आधी दहा शेपट्या बघितल्या, ताई म्हणाल्या तशी स्वच्छ पट्टी सहा जणींना दिसली, एकीत तर आतले नवीन केस ब्रशसारखे स्पष्ट. लगेच संध्याकाळचं खाद्य पाव भाग कापलं. दोन्ही एरेटर रात्रभर. त्यात रात्री एकला लाइट गेली, जनरेटरला डिझेल भरून ठेवलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर तिथेच खेळ होता. घरी सगळे मसाला दूध पीत होते, मी बांधावर बॅटरी घेऊन. साडेतीनच्या सुमारास ट्रे उचलला तर त्यात माझ्या डोळ्यासमोर एकीने अंग वाकवलं, पाठ फाटली, एक झटका आणि बाहेर, साल जागच्या जागी, डोळ्यांच्या टोप्यांसकट. मी हात तसाच धरून उभा. दोन वर्षं कोळंबी करतोय, हे पहिल्यांदा बघितलं.

पहाटे डीओ ४.३. मेलेल्या ५. अल्कलिनिटी १०४. वजन तीन दिवसांनी केलं, १० ग्रॅम.

सूक्ष्मदर्शी
डोळ्यांच्या टोप्या! हो, डोळ्यांचीसुद्धा साल निघते. गंमत म्हणजे कात टाकायला लगाम घालणारं हार्मोनही डोळ्याच्या देठातच तयार होतं. फोटो काढला का?

खाजणातला
हात ओले होते ताई.

आता नवीन प्रश्न. व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गाडी आहे, माल काढा, भाव चांगला देतो. त्या दिवशी ७३ वा दिवस भरतो, १३ ग्रॅम होईल. काढू का?

नेल्लोर_ते_नालासोपारा
लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या हो! गाडी त्याची रिकामी जाऊ नये म्हणून भाव चांगला आहे. मऊ माल निघाला की काट्यावर उभं राहून तोच कापाकापी करणार, प्रोसेसिंगला मऊ माल चालत नाही, डोकं सुटतं, बर्फात रंग जातो. अमावस्या जाऊ द्या, मग चारपाच दिवसांनी पाग टाकून शंभर नग उचला, पाठीवर अंगठ्याने दाबून बघा. पाचाच्या वर मऊ असतील तर अजून दोन दिवस थांबा. आणि काढायच्या आधी पाणी बदलू नका, चुना टाकू नका, काही नवीन करूच नका, नाहीतर तुम्हीच मोल्टिंग सुरू कराल.

पागवाला
सहमत. आणि व्यापाऱ्याला आत्ताच विचारून ठेवा, मऊ कशाला म्हणतो, किती टक्के सोडतो. काट्यावर भांडण्यापेक्षा फोनवर भांडलेलं बरं.

ॲक्वा_सेवक
हे मात्र बरोबर आहे. आमच्याकडच्या एकाचा माल पौर्णिमेला काढला, चांगलाच पस्तावला. (मिनरल माझ्याकडचं नव्हतं.)

सोडेभात
हा हा हा, शेवटचं वाक्य.

खाजणातला
उशीर झाला लिहायला, दिवाळीनंतर घरात लग्न होतं.

लक्ष्मीपूजनाला काढला नाही, माणूस रागावून गेला, दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच आला. अमावस्येच्या रात्री परत सगळं तेच केलं, मेलेल्या ११ मिळाल्या, फटाक्यांमुळे की काय वॉचमन मात्र गायब होता. ८० व्या दिवशी शंभर नग दाबून बघितले, ३ मऊ. पहाटे काढला. १३४० किलो, ७० काउंट (किलोला ७० नग). खाद्य १७५० किलो गेलं. मऊ म्हणून एकूण १८ किलो बाजूला काढला त्याने, मी म्हटलं ठेवा इकडेच, आईने त्याच दिवशी लसूण घालून कालवण केलं. सोडेभात, तुमचं बरोबर होतं.

लाइटबिल अजून आलेलं नाही. आलं की त्याचा वेगळा धागा काढतो.

पागवाला
काढा. त्यात मी पण रडायला येतो. तोवर तळ उकरून वाळवायला घ्या, भेगा पडेपर्यंत, आणि मधला काळा गाळ बांधावर नका टाकू, पावसात परत आतच येतो.